एक्सपल्सवर स्लो व्हीली (पुढचं चाक उचलून मागच्यावर हळू चालवणं): चाक उचलतं, पण वेग आवरत नाही

खडकवाट:
गाडी हिरोची एक्सपल्स 200 4व्ही, सगळं कंपनी फिटिंग, चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) 13 दात, मागच्याला 40. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की पुढचं चाक दोन-अडीच फूट उचलतं. ते तिथे टिकवायला रेस वाढवत जावी लागते, बघता बघता गाडी तिशीच्या पुढे जाते, इंजिन ओरडायला लागतं आणि चाक धपकन खाली. मला माणूस चालतो त्या वेगाची व्हीली हवी आहे. पुढचं स्प्रॉकेट 12 चं टाकू का? सरावाला पडीक मुरमाड रान आहे, सुमारे शंभर मीटर लांब, किंचित चढाचं.

मागचा_ब्रेक:
स्प्रॉकेटला आत्ता हात लावू नका. दोन-अडीच फुटांवर चाक बॅलन्स पॉइंटच्या, म्हणजे गाडी मागच्या चाकावर आपसूक तोल धरते त्या उंचीच्या, बरंच खाली असतं. पुढचं वजन त्याला सतत खाली ओढतं आणि ते पेलायला गाडी पळवत ठेवण्यावाचून इलाज नसतो. चाक जितकं वर जाईल तितकी रेस कमी लागते, बॅलन्स पॉइंटवर तर जेमतेम. म्हणजे हळू जायचं तर उंच जायला हवं, आणि मागच्या ब्रेकवर भरवसा बसल्याशिवाय उंच जायची छाती होत नाही.

म्हणून पहिला सराव चाक टिकवायचा नाही, पाडायचा. चाक वर जात असतानाच मागचा ब्रेक दाबा, दर खेपेला, आणि रेस न सोडता. रेस सोडली तर चाक तसंही खाली येतं, मग ब्रेकने काय केलं ते कळतच नाही. पाय आपोआप दाबायला लागला की उंची वाढवा.

उचलताना सीटच्या मागच्या भागावर बसा, हात सरळ, गुडघे घट्ट, नजर लांब समोर. 8-10 किमी वेगात हँडल खाली दाबा. पुढचे शॉकअप उसळून वर यायला लागले की 5,000 आरपीएमच्या आसपास एका बोटाने क्लच सोडा. या इंजिनाचा टॉर्क 6,500 ला भरतो, 3,000 वर क्लच सोडलात तर नुसता हिसका बसतो. चाक वर गेलं की रेस किंचित उघडी, एका जागी ठेवायची आणि उंची ब्रेकने कमीजास्त करायची. बहुतेक जण इथे उलटं करतात, उंची रेसने सांभाळायला जातात.

आणि एक. बॅलन्स पॉइंटच्या पलीकडे गेल्यावर क्लच ओढून गाडी वाचत नाही, तिथे भरवशाचा फक्त ब्रेक. तोही मागचं चाक फिरत असेल तरच. गाडी जवळपास थांबलेली असताना दाबलात तर चाक लॉक होतं आणि गाडी तशीच मागे उलटते. शिकताना 12 ते 15 किमीच्या खाली जाऊ नका. चालण्याचा वेग सगळ्यात शेवटी.

पाना_बारा_तेरा:
वरचं सगळं पेडल जागेवर असेल तर. कंपनीची उंची साध्या बुटासाठी असते, जाड ऑफरोड बूट घातला की एकतर ब्रेक धरून राहतो नाहीतर पाय उचलून दाबावा लागतो. बूट घालून, मागे सरकून बसा आणि टाच न उचलता बोटांखाली पेडल येईल असं सेट करा. नंतर मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक घासत नाही ना ते बघा.

क्लचच्या लिव्हरला टोकापाशी 10 ते 15 मिमी मोकळं प्ले. रेसच्या वायरमध्ये ढिलाई जास्त असेल तर बारीक रेस देताना गाडी धक्के खाते, ती 2-3 मिमीवर आणा.

मागच्या टायरमध्ये हवा 18 ते 20 पीएसआय. यूट्यूबवर 12 सांगतात ते शंभर-एकशे दहा किलोच्या गाड्यांचं, ज्यांना रिमलॉक (टायर रिमवर घट्ट धरणारा क्लॅम्प) असतो. आपली 158 किलोची आणि ट्यूबवाली. इतकी कमी हवा ठेवलीत तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व मुळातून उखडतो.

एकाच जागी हळू फिरत राहिल्याने ऑइल कूलरला वारा मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी बंद करा. क्लच प्लेट जळल्याचा वास आला तर लगेच. ऑइल वरच्या खुणेपाशी ठेवा.

खडकवाट:
पेडल खरंच खाली होतं. आता ब्रेकने चाक पडतं. पण दर वेळी गाडी डावीकडे कलते. आणि खाली येताना आपटते, ते कसं टाळायचं?

मागचा_ब्रेक:
डावीकडे कलते म्हणजे बहुधा एका हाताने हँडल ओढताय, किंवा ब्रेकसाठी उजवा पाय उचलल्याने वजन डाव्या फूटरेस्टवर जातंय. टाचेकडचा भाग उजव्या फूटरेस्टवर टेकवूनच ठेवा. कलायला लागली की उजवा गुडघा बाहेर उघडा. जास्तच कलली तर चाक खाली घ्या, हट्ट करू नका. टेकण्याआधी हँडल सरळ आणि रेसचा हलका घोट, म्हणजे आपटत नाही.

सडा_ते_घाट:
स्प्रॉकेटचा हिशेब: पुढे 13 चे 12 केले तर गिअरिंग सुमारे 8 टक्के छोटं होतं, मागे 43 दात टाकल्यासारखंच. पण लहान स्प्रॉकेटवर चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरावर जास्त घासते. टाकायचंच तर मागचं मोठं टाका, चेन मात्र लांब लागेल.

मुरूम उत्तम, चढही उत्तम, वेग आपोआप आवरतो. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. कोकणातला सडा तर नकोच, जांभ्यावर पडलं की कातडं सोलतं. डांबरी रस्त्यावर करू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 184 (धोकादायक वाहन चालवणं) लागू शकतं.

हेल्मेट, बूट, नीगार्ड आणि पाठीचा गार्ड हवाच. ब्रेक दाबूनही गाडी मागे उलटतेय वाटलं की हँडल सोडून पायांवर उतरा. मनगटाला दोरी बांधायचा किल-स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद करणारं बटण) मिळतो, तो इंजिनच्या किल-स्विचच्या वायरीत जोडून घ्या. नाहीतर हातातून सुटलेली गाडी रेस घेऊन पळते.

पाना_बारा_तेरा:
आपटून झाली असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवा, हँडलखाली टकटक जाणवली तर कोनसेट ढिला आहे. स्पोकवर पाना हलकेच वाजवत जा, एखादा बद्द वाजला तर तो सैल. पुढच्या फोर्कवर (शॉकअपच्या नळ्यांवर) तेलाची कड दिसली तर ऑइल सील गेलं, ते तेल डिस्कवर उतरण्याआधी बदला.