सहलीच्या यादीत गायकवाड हवेली

सी-४०१ (सहल समिती): मंडळी, अहमदाबादचा दुसरा दिवस ठरवतोय. सकाळी साबरमती आश्रम, मग अडालजची वाव (पायऱ्यांची जुनी विहीर), जेवण, संध्याकाळी सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी आणि रात्री माणेकचौक. काही राहिलं असेल तर आजच सांगा. बसवाल्यांना उद्या कळवायचंय.

बी-३०४: काका, एक ठिकाण नक्की घाला. गायकवाड हवेलीतलं बंधुत्व स्मारक.

ए-१०२: काकू, गायकवाड म्हणजे बडोद्याला ना? आपण तर बडोद्याला थांबतच नाही आहोत.

बी-३०४: बडोद्याचेच गायकवाड, पण हवेली अहमदाबादेत. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं आणि पुढे पेशवे-गायकवाडांचा तिथे वाटणीचा कारभार चालला. पेशव्यांचा सुभेदार भद्रच्या किल्ल्यात आणि गायकवाडांचं ठाणं या हवेलीत. आता तिथे पोलिसांची कचेरी आहे आणि २०१५ मध्ये त्याच आवारात हे स्मारक झालं. माझं माहेर अहमदाबादचं, तरी मी ते पहिल्यांदा पाहिलं गेल्या वर्षी. रिक्षावाल्यालाही माहीत नव्हतं, दोनदा विचारत गेलो.

डी-२०३: स्मारक कुणाचं?

बी-३०४: वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी. तिकडे कुणी वेगवेगळी नावं घेत नाही, वसंत-रजब असं एकाच दमात म्हणतात. वसंतराव अहमदाबादेत वाढलेले मराठी, जन्म १९०६ चा. रजबअली खोजा मुसलमान, १९१९ मध्ये कराचीत जन्मलेले, लिंबडीत वाढलेले. दोघंही काँग्रेस सेवादलाचे कार्यकर्ते.
१ जुलै १९४६, अहमदाबादच्या जगन्नाथ रथयात्रेचा दिवस. शहरात दंगल पेटली. हे दोघं हातात काठीसुद्धा न घेता जमालपूरच्या खांड नी शेरी नावाच्या गल्लीत जमावाला अडवायला गेले. माघारी फिरा म्हणून लोकांनी सांगितलं तरी फिरले नाहीत. जमावाने दोघांनाही तिथेच मारलं. वसंतराव चाळीस वर्षांचे होते, रजबअलींना सत्तावीसही पूर्ण नव्हती.

डी-२०३: काकू, राग मानू नका, पण आपण ज्येष्ठांची सहल काढतोय. त्यात दंगलीची आठवण कशाला? उगाच ग्रुपवर वाद सुरू होतील.

बी-३०४: राग कसला भाऊ. पण मला वाटतं, हे दंगलीचं स्मारक नाहीच. दंगल करणाऱ्या एकाचंही नाव तिथे नाही. जे दोघं अडवायला गेले, त्यांची नावं आहेत. आपल्याकडे कोण कुणाला मारतं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आडवं कोण गेलं ते मात्र कुणी सांगत नाही.
माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. रथयात्रेला तिथे मोड आलेले मूग आणि जांभळं असा प्रसाद वाटतात. दरवर्षी आषाढी बीजेला मुठीत तो प्रसाद आला की ते आधी आम्हा भावंडांना थांबवायचे. "वसंतराव, रजबअली," एवढं म्हणायचे आणि मग खायला सांगायचे. बोटं जांभळी व्हायची आमची. बरीच वर्षं मला वाटायचं, हे आमच्या घरातलेच कुणी गेलेले दोन काका आहेत.

ए-१०२: 🙏 काकू, अंगावर काटा आला.

ई-५०५: काकू, आत बघायला काय आहे? माझी मुलगी नववीत आहे, तिलाही आणतेय.

बी-३०४: दोघांची छायाचित्रं, जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं. तासाभरात होतं. मुलीला हेही सांगा की त्यांच्यावरचा स्मरणग्रंथ प्रसिद्ध गुजराती साहित्यिक झवेरचंद मेघाणींनी संपादित केला होता. मेघाणी १९४७ च्या मार्चमध्ये गेले, म्हणजे आयुष्याच्या अगदी अखेरीस त्यांनी हे काम हातात घेतलं. गांधीजींनीही या दोघांच्या बलिदानाचा गौरव केला होता. कानपूरला १९३१ च्या दंगलीत लोकांना वाचवताना गणेशशंकर विद्यार्थी गेले, ते निदान शाळेच्या पुस्तकात भेटतात. आपल्या हेगिष्ट्यांचं नाव महाराष्ट्रात दहा जणांना विचारा, दहाही नाही म्हणतील. मला ते फार लागतं.

सी-४०१ (सहल समिती): ताई, जाळी आणि माणेकचौकाच्या आधी तास काढता येईल. आश्रमातून लवकर निघू. पण पोलिसांच्या आवारात चाळीस जणांना सोडतील?

बी-३०४: आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागेल. ते मी करते, भाचा तिथेच राहतो. प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवा. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. आणि बस गल्लीत जाणार नाही, थोडं चालावं लागेल.

डी-२०३: माझे गुडघे... बरं, मी हळूहळू येतो मागून. वाट बघा पण.

ई-५०५: भाऊ, माझी मुलगी तुमच्यासोबत चालेल.

सी-४०१ (सहल समिती): ठीक, दुपारी साडेतीन ते साडेचार, गायकवाड हवेली. यादीत घातलं. हार-फुलांचं काय करायचं?

बी-३०४: जमालपूरलाच फुलांचा मोठा बाजार आहे, काका. जाताना तिथेच थांबू. वर्गणीतून काढू नका, हारांचे पैसे माझे. गुलाबाचे दोन घेईन, एकाच लांबीचे.