गावातल्या वर्षभरातल्या दिवंगतांची स्मरणिका काढायचीय. माहिती, तारखा, फोटो, छपाई, सगळ्याबद्दल सल्ला हवा

तिरूकाठ
गाव उदगीर तालुक्यातलं, वस्ती चारेक हजार. वर्षभरात गावातली जी माणसं गेली त्यांची एक पुस्तिका काढायचं मंडळानं ठरवलंय. गल्लीगल्लीतून विचारून बावीस नावं झाली, त्यात काही तरुणही आहेत, पण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्यातली निम्मीच सापडायलीत. जन्मतारखांचा तर नुसता गोंधळ आहे. जवळजवळ सगळे म्हातारे एक जूनला जन्मलेले! घरच्यांना विचारलं की "लई प्रेमळ होते, कष्टाळू होते" याच्यापुढं गाडी जात नाही, आणि बावीस जणांवर तेच कसं छापायचं? फोटो बरेचसे फ्रेममधले, हार घातलेले. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी नीट सांगावं, उगाच "छान उपक्रम" नको.

दप्तरी
नोंदवहीत निम्मी नावं नसणं साहजिक आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ प्रमाणे मृत्यूची नोंद माणूस जिथं मरतो तिथं होते, राहतो तिथं नाही. लातूर, नांदेड, सोलापूर किंवा हैदराबादच्या दवाखान्यात वारलेल्याची नोंद त्या शहरात झालेली असते. कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला तिकडंच वारला तर तिकडच्या हद्दीत. म्हणून ग्रामपंचायतीची वही हा यादीचा फक्त एक भाग धरा. उरलेली नावं आशाताई, अंगणवाडीताई, दहाव्याला जाणारे नाभिक, मर्तिकाचं मडकं देणारे कुंभार, मशिदीचे मुतवल्ली, लिंगायतांचे स्वामी, विहाराचे कार्यकर्ते यांच्याकडं मिळतात. पुण्याला चाकण-पिंपरीला स्थायिक झालेल्यांचं काय करायचं ते आधीच ठरवून पहिल्या पानावर छापा. उदाहरणार्थ, "ज्यांचं घर किंवा अंत्यविधी गावात". नियम नंतर ठरवला की ज्याला वगळलं त्याला तो आपल्यासाठीच केलाय असं वाटतं.

आता तारखा. मृत्यूची तारीख दाखल्यावरचीच घ्या. घरचे "सोमवारी रात्री" म्हणतात आणि दाखल्यावर मंगळवार असतो, कारण बारा वाजून गेलेले असतात. काही घरं फक्त तिथी सांगतात. ती तारखेत बदलताना मराठी पंचांगच बघा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. हिंदी पद्धतीच्या मोबाइल ॲपवर वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं. आपली मार्गशीर्ष वद्य तृतीया तिथं पौषात दिसते, आणि आपण मार्गशीर्ष शोधला की बरोबर महिनाभर आधीची तारीख हाती येते.

जन्मतारखेचं म्हणाल तर शाळेच्या निर्गम उताऱ्यावरचा (शाळेच्या नोंदवहीतल्या नकलेवरचा) १ जून आणि आधारवरची १ जानेवारी, या दोन्ही बहुतेक वेळा सोयीच्या तारखा असतात. तिथं दिवस-महिना सोडून द्या आणि "जन्म अंदाजे १९४१" एवढंच छापा. निजामाच्या काळातल्या उर्दू कागदावर साल फसली (तेव्हाच्या महसुली कालगणनेतलं) असतं. हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजर महिन्यापासून सुरू व्हायचं. फसली सालात ५९० मिळवलं की वर्ष सुरू होतानाचं इसवी साल मिळतं, जानेवारीपासून पुढं ५९१ मिळवायचे. म्हणजे १३५० फसली = ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१.

कागदच नसेल तर वय घटनांना बांधा. रझाकाराच्या वेळी, म्हणजे १९४८ ला, कडेवर होते की गुरं राखत होते? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा पदरात किती लेकरं होती? किल्लारीच्या भूकंपाला (३० सप्टेंबर १९९३) नातू झाला होता का? अशा तीन उत्तरांतून दोन-तीन वर्षांच्या फरकानं साल निघतं.

आणि हो, जुन्या कागदावर "जि. बीदर" दिसलं तर चूक समजू नका. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत, आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूरमध्ये. पुस्तिकेत सगळीकडं आजचा जिल्हा लिहा.

ओवीवाली
"कसे होते?" हा प्रश्नच विचारू नका, भाऊ. त्याचं उत्तर दहाव्यालाच ठरून गेलेलं असतं. हातातल्या कामाबद्दल विचारा. लोक त्यांच्याकडं कशासाठी यायचे? कोणतं काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत? कोणत्या आठवडी बाजाराला जायचे आणि काय विकायचे? पाडव्याला कोणाकडं साल धरलं (वर्षाच्या बोलीनं गडी राहिले), किती सालं केली? तोडीला असतील तर कोणत्या कारखान्यावर, गाडी बैलाची की ट्रॅक्टरची, आणि कोयत्याला जोडीला कोण होतं? भजनात असतील तर पखवाज की टाळ, आणि कोणता अभंग त्यांच्याशिवाय सुरू होत नसे?

सगळ्यात पातळ पानं बायकांची होतात. "धार्मिक वृत्तीच्या, कुटुंबवत्सल" एवढ्यात पन्नास वर्षं संपवून टाकतात. तिथं जास्त वेळ द्या. माहेरचं गाव आणि माहेरचं नाव आधी लिहून घ्या, सासरी ते अनेकदा नातवंडांनासुद्धा माहीत नसतं. मग विचारा: बियाणं कोण राखायचं, ज्वारी मालदांडी की दगडी, भाजीपाल्याचं बी कशात ठेवायच्या? गावातली किती बाळंतपणं केली, कुणाची? बहात्तरला कोणत्या कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) कुणाच्या वाट्याला किती यायचं? गोधडी, शेवया, जात्यावरच्या ओव्या? ओवी मिळाली तर जशी म्हटली तशीच उतरवा, प्रमाण मराठीत आणू नका. ही माहिती मुलाकडं नसते. सून, जाऊ, शेजारीण आणि जिवंत असेल तर बहीण यांच्याकडं असते. बाईच्या पानासाठी एक तरी माणूस माहेरकडचं गाठाच.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण विचारून. चाळीस मिनिटांच्या वर बसू नका. माणूस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत घरी जाणं टाळा. रडण्यातच वेळ जातो आणि सांगणाऱ्याला नंतर वाटतं की आपण काहीच सांगितलं नाही. बारसं, जावळ अशा कार्यात चार नातेवाईक एकत्र असतात तेव्हा एकमेकांना दुरुस्त करत चांगलं बोलतात.

पिंपळपार
एक आगाऊ सूचना. पहिल्या चार पानांवर नेत्यांचे हसरे फोटो आणि "शुभेच्छुक" येणार असतील तर काढूच नका. जाहिरातीतला फोटो मेलेल्या माणसाच्या फोटोपेक्षा मोठा असलेल्या स्मरणिका आपल्याकडं कमी नाहीत. पैसे घरटी दहा-वीस रुपये सगळ्या गावातून जमवा. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नका, नाहीतर देणाऱ्याला दोन पानं आणि न देणाऱ्याला अर्धं असा हिशेब सुरू होतो.

अक्षरजुळणी
फोटो आणि छपाईचं सांगतो.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. ओल लागून वरचा थर काचेला धरतो आणि चेहराच निघून येतो. काचेसकटच मोबाइलवर त्याचा फोटो घ्या: हार उतरवा, काच कोरड्या मऊ कापडानं पुसा, फ्रेम ओसरीत सावलीत उभी करा, फ्लॅश बंद. आपलीच सावली काचेत दिसते, म्हणून मोबाइलच्या मागं काळं कापड किंवा काळी शाल धरायला एक जण उभा करा. मोबाइल फ्रेमला समांतर हवा, नाहीतर चेहरा निमुळता होतो. काचेवरचं कुंकू पुसायच्या आधी घरच्यांना विचारा.

सुटा पासपोर्ट फोटो असेल तर ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा फोटो त्यावर सव्वाआठशे पिक्सेलचा होतो आणि ३०० डीपीआयनं पावणेतीन इंच रुंद छापता येतो. तुम्हाला दोन इंच पुरे. आधार कार्डावरचा फोटो वापरू नका. व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना "डॉक्युमेंट" म्हणूनच पाठवायला सांगा, साधा पाठवला की तो दाबला जातो. रंग भरणारी ॲप्स लांब ठेवा. लुगड्याचा, फेट्याचा रंग ॲप मनानं ठरवतं आणि घरचे लगेच ओळखतात.

आकार ए-५ घ्या. वाचणारे म्हातारे असणार, म्हणून अक्षर १३ पॉइंटपेक्षा लहान नको. त्या मापात एका पानात सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात, फोटो असलेल्या पानात पावणेदोनशे. माणशी समोरासमोरची दोन पानं द्या. पान १ शीर्षक, २ वर छपाईची माहिती, ३ वर अनुक्रमणिका, ४ ते ४७ बावीस माणसं, ४८ मोकळं. प्रत्येक माणूस डाव्या पानावर सुरू होतो आणि ४८ ला चारानंही भाग जातो, सोळानंही. चारानं भाग गेला नाही तर मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेत कोरी पानं येतात. आत ८० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड. फोटो कृष्णधवलच ठेवा, बावीस वेगवेगळ्या रंगछटा एकत्र वाईट दिसतात. शे-दोनशे प्रतींना डिजिटल परवडतं, पाचशेच्या पुढं ऑफसेट विचारा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाला तो श्रीलिपीत (त्याच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये) बदलून घेतो, तेव्हा "ऱ्या", "ऱ्हा", "ॲ" आणि जोडाक्षरं बिघडतात. "दुसऱ्या", "शेतकऱ्यांच्या" हे शब्द मुद्दाम शोधून तपासा. तो इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर युनिकोड तसंच चालतं, फक्त त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू करायला सांगा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते.

दप्तरी
एक राहिलंच. मृत्यूचं कारण छापू नका, कुणाचंच नाही. १९६९ च्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवहीचा उतारा देतानासुद्धा त्यात कारण उघड करता येत नाही. तुमच्या यादीत तरुण आहेत म्हणता. विम्याचा दावा, अपघाताचं अनुदान, शेतकरी आत्महत्येचं मदत प्रकरण यातलं काही चालू असेल तर छापील ओळ उद्या कुणीतरी पुढं करतो. काही जणांचं कारण दिलं आणि काहींचं गाळलं तर गाळलेल्यांबद्दल गाव अंदाज बांधतं. म्हणून सरसकट नाहीच.

"पश्चात" या ओळीवरून भांडणं होतात. लेकी सुटतात, पहिल्या बायकोची मुलं सुटतात. सगळी मुलं-मुली वयाच्या क्रमानं घ्या आणि "वारस" हा शब्द टाळा. "स्वातंत्र्यसैनिक" ही पदवी सन्मानपत्र किंवा पेन्शनचा कागद बघूनच लावा, बाकीच्यांच्या बाबतीत "मुक्तिसंग्रामात भाग घेतल्याचं घरचे सांगतात" असं लिहा. १९४८ च्या हकिकतीत कुणाच्या घरानं कुणाला लुटलं हे ऐकीव माहितीवर नावानिशी नको. ती घरं अजून शेजारीशेजारी आहेत.

ओवीवाली
नावापुढं सरसकट "कै." लावू नका. माळकरी घरं "वै." (वैकुंठवासी) लावतात, लिंगायतांत "लिंगैक्य", बौद्धांत "कालकथित", मुसलमानांत "मरहूम". घरच्यांना विचारून तेच छापा, नाहीतर कुणालाच काही लावू नका. प्रकाशन पितृपंधरवड्यात ठेवायचा मोह होईल, पण मग निम्म्या गावाला ते आपलं वाटणार नाही. १७ सप्टेंबरचं (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं) किंवा २६ जानेवारीचं झेंडावंदन बरं, सगळेच आलेले असतात. आणि छापायच्या आधी प्रत्येक पान त्या घरात मोठ्यानं वाचून दाखवा. नुसता कागद दिला की "बरोबर आहे" म्हणून सही करतात. ऐकताना मात्र मध्येच थांबवतात.

तिरूकाठ
लई उपयोगी. दोन म्हाताऱ्या बायकांचा एकही फोटो नाही. चित्रकाराकडून किंवा एआयनं काढून घ्यावा म्हणायलेत पोरं.

अक्षरजुळणी
नको. आधी नातवंडांच्या लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ बघा, अक्षता टाकणाऱ्या गर्दीत कडेला दिसतात. व्हिडिओतून चित्र उचलायचं तर मूळ फाइल किंवा सीडी मिळवा, यूट्यूबवरचं चालणार नाही. दीड इंच छापण्याएवढा चेहरा स्वच्छ निघत नसेल तर सोडून द्या. मग फोटोच्या जागी त्यांच्या वापरातल्या वस्तूचा फोटो घरच्यांना चालत असेल तर घ्या: जातं, अडकित्ता, गोधडी. तेही नसेल तर रिकामी चौकट किंवा फुलाचं चित्र टाकू नका, मजकूर वर घ्या आणि तेवढे पन्नास शब्द वाढवा.