संक्रमण, संसर्ग की आणखी काही?

रंकाळाकाठ: इथल्या एका छोट्या विज्ञान मासिकासाठी लेख लिहितोय. विषय २०२० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवात राहणारा ट्रायकोरिकेट्सिया हा जीवाणू खाण्यावाटे प्लॅनेरियाच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या चपट्या कृमीच्या, पोटात गेला आणि आतड्याच्या पेशींत शिरला. मी लिहिलं, ‘एकपेशीयाकडून जलचराकडे अंतःसहजीवी जीवाणूंचे संक्रमण’. संपादकांनी ‘संक्रमण’ खोडून ‘संसर्ग’ केलं. मला ते पटत नाही. संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. मकरसंक्रमण आपण त्याच अर्थानं म्हणतो.

पाणवठा: संपादकांचं बरोबर आहे. करोनात हिंदी बातम्यांमुळे ‘संक्रमण’ घरोघरी पोचलं ते रोगाच्याच अर्थानं. माझी आईसुद्धा ‘त्यांच्या घरात संक्रमण झालंय’ म्हणायची. वाचकाला आता सूर्य आठवत नाही.

रंकाळाकाठ: म्हणून आपला चांगला अर्थ सोडून द्यायचा? ‘संक्रमणकाळ’ अजून रोज छापून येतो. आणि ‘संसर्ग’ म्हटलं की आजार आलाच. इथं जीवाणू काही दिवस दिसले, कायमचे राहिले नाहीत.

जुनीवही: संसर्गाचा मूळ अर्थ नुसती संगत, संपर्क. ‘संसर्गदोष’ शब्द बघा, दोष वेगळा जोडावा लागला. दोन्ही शब्द चांगल्या घरचे, दोघांनाही रोगानं गाठलं.

शेंडापार्क: माझा आक्षेप वेगळाच आहे. ‘सहजीवी’ का? दोघांचा फायदा असेल तर सहजीवन. लग्नपत्रिकेत आपण ‘सहजीवनाची सुरुवात’ लिहितो ते उगीच नाही. पेशीत घुसून बसणाऱ्याला परजीवी म्हणा.

प्रयोगवही: तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून बोलतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १८७९मध्ये सहजीवन ही संज्ञा मांडली ती ‘वेगवेगळ्या जातींच्या जीवांचं एकत्र राहणं’ एवढ्याच अर्थानं. त्यात परजीवीही धरले होते. पॅरामेशियममध्येच दोन्ही तऱ्हा दिसतात. होलोस्पोरा हा जीवाणू सरळ केंद्रकात ठाण मांडतो. उलट अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सोनबॉर्न यांनी अभ्यासलेले ‘कप्पा’ कण, जे पुढं जीवाणूच निघाले, ते ज्या पॅरामेशियमनं पदरी बाळगलेत तो त्यांच्या जोरावर दुसऱ्या पॅरामेशियमना मारतो, स्वतः वाचतो. फायदा-तोट्याचा निवाडा नावातच करू नका. ‘अंतःसहजीवी’ ठेवा.

गुऱ्हाळ: एवढा विसर्ग तोंडात अडकतो हो सर. ‘पोटभाडेकरू’ हा आपला रोजचा शब्द आहे की. पेशीच्या पोटात राहतो, पोटभाडेकरू. जीवाणूसाठी ‘पोटजीवी’ करा.

जुनीवही: गुऱ्हाळदादा, तो ‘पोट’ वेगळा. पोटकलम, पोटजात, पोटनिवडणूक यांत त्याचा अर्थ उप-, दुय्यम. पोटभाडेकरू म्हणजे भाडेकरूचा भाडेकरू. आणि ‘पोटजीवी’ ऐकून लोकांना पोटार्थी आठवेल.

गुऱ्हाळ: पण उप- तरी कुठून आला? एकाच्या पोटात दुसरं, म्हणूनच ना? भाडेकरूच्या पोटात भाडेकरू. प्लॅनेरियाच्या पोटात पॅरामेशियम, त्याच्या पोटात जीवाणू. याहून चपखल काय असणार?

पाणवठा: हे मात्र पटलं. मत्स्यपाळ मित्राच्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता. तो आणणारा एकपेशीय इक्थिओफ्थिरियस माशाच्या कातडीत शिरतो, आणि त्याच्याही आत जीवाणू सापडलेत. पोटातलं पोटच.

शेंडापार्क: बोलीतले शब्द गोड असतात, पण परिभाषेला शिस्त लागते. उद्या कुणी ‘पावणा जीवाणू’ म्हणेल.

गुऱ्हाळ: म्हणू दे की! काही दिवस राहिला आणि गेला, तो पावणाच. कायम राहिला तर घरचा. तुमच्या परिभाषेत हा फरक एका शब्दात सांगता येतो का?

रंकाळाकाठ: मंडळी, माझं ‘संक्रमण’ राहिलंच. ‘शिरकाव’ चालेल का? परवा मजकूर द्यायचाय.

प्रयोगवही: शिरकाव म्हणजे आत घुसणं, कुठून आला ते त्यात येत नाही, आणि तुमच्या लेखाचा जीव तर त्यातच आहे. बाकी पॅरामेशियम कुणाला बघायचे असतील तर तळ्याच्या पाण्यात भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, भिजत घाला, आठवड्यात दिसतात. आम्ही मुलांकडून तसंच करून घ्यायचो.

जुनीवही: सर, पिंजर म्हणजे तुमच्याकडे भाताचंच ना? आमच्या आजोळी, गडहिंग्लजकडं, नाचणीच्या काडालाही पिंजर म्हणायचे.

गुऱ्हाळ: नाचणीचं काड ते काडच. पिंजर फक्त भाताचं.