नर्सरीचं इन्स्टा दुसऱ्याच्या ताब्यात, मेलही उघडत नाही. सुरुवात कुठून करू?

केळीबाग_रावेर
रावेर तालुक्यात केळीच्या टिश्यू रोपांची नर्सरी आहे, तिच्या नावाने इन्स्टाग्राम खातं आहे. 'कॉपीराइटची तक्रार आली आहे, २४ तासांत फॉर्म भरा' अशा लिंकवर पासवर्ड टाकला गेला आणि खातं गेलं. सध्याची स्थिती अशी:
मेल आणि नंबर दोन्ही चोराने बदललेत.
ज्या जीमेलवर खातं काढलं होतं त्याचा पासवर्ड आठवत नाही. तो मेल जुना मोबाईल घेताना दुकानातच काढून दिला होता.
नंबर माझ्याच नावावर, पण सिम हरवलंय.
खात्यावर फक्त रोपं, घड, लागवड. माणसाचा चेहरा कुठेच नाही.
आणि तो बाबा गिऱ्हाइकांना क्यूआर पाठवून मृगबागेच्या (पावसाळी लागवडीच्या) बुकिंगचा ॲडव्हान्स मागतोय.
बरेच जण म्हणतात सोड, नवं खातं काढ. जाणकारांनी क्रम सांगावा. आते काय करानं?

मेहरूण_काठ
भाऊ, इन्स्टाला आत्ता हात लावू नका. क्रम असा: सिम, मग जीमेल, मग इन्स्टा. उलटा गेलात तर कोड ज्या दारात येणार तेच बंद असेल आणि प्रयत्न फुकट जातील.

गिरणाकाठ
मेहरूण दादांचा क्रम बरोबर आहे. तपशील देतो.

सिम: कंपनीच्या गॅलरीत आधार घेऊन स्वतः जा, त्याच नंबरचं डुप्लिकेट मिळतं. नंबर बंद पडून बरेच महिने झाले असतील तर आधी तो अजून तुमच्याच नावावर आहे का ते विचारा. बंद झालेला नंबर ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. तसं झालं असेल तर त्यावर येणारे कोड विसरा.

जीमेल: गुगलचं रिकव्हरी पान उघडताना तीन गोष्टी पाळा. फोन तोच, ज्यावर तो मेल पूर्वी चालायचा. जागा तीच, म्हणजे घर किंवा नर्सरी, आणि शक्यतो तेच वायफाय. व्हीपीएन (तुमची जागा लपवणारं ॲप) बंद. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा दिसली की गुगल सोपे प्रश्न विचारतं. जळगावला मित्राच्या लॅपटॉपवर बसून केलं तर खऱ्या मालकालाही नकार येतो, लोक इथेच फसतात. 'शेवटचा आठवणारा पासवर्ड' विचारला तर रिकामं सोडून पुढे जाऊ नका, जुना असेल तो टाका. त्यालाही वजन असतं.

जुना मोबाईल कपाटात पडला असेल तर आधी चार्ज करून बघा. त्यात तो मेल अजून लॉगिन असेल तर रिकव्हरीच्या वेळी त्याच फोनवर 'तुम्हीच आहात का?' असं विचारलं जातं. 'होय' दाबा, काम झालं.

दुकानातून काढलेल्या मेलची एक खोड असते. रिकव्हरी नंबर म्हणून दुकानदाराने स्वतःचाच टाकलेला असतो. रिकव्हरी पानावर नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतात. ते तुमच्या नंबरशी जुळत नसतील तर दुकानात जा, त्याला समोर बसवा आणि कोड तिथल्या तिथे घ्या. फोनवरून कोड विचारू नका, त्याला वाटेल हाच फ्रॉड आहे.

आणि हा मेल दोन वर्षांत कधीच उघडला नसेल तर गुगल असं पडून राहिलेलं खातं काढून टाकू शकतं. ते आधी तपासा.

चोपडा_चौफुली
मेल उघडला की इन्स्टाकडे लगेच पळू नका. चोर मेलमध्येही शिरला होता का ते बघा. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन भाग उघडा. इन्स्टाकडून येणारं सगळं थेट कचऱ्यात जावं असा फिल्टर लावून ठेवणं ही जुनी चाल आहे, त्यामुळे मालकाला सूचना दिसतच नाही. फिल्टर काढा, कचरापेटी चाळा. तिथला मेल ३० दिवस टिकतो.

शोधायचंय ते 'सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम' या पत्त्यावरून आलेलं पत्र: 'तुमचा ईमेल बदलला आहे'. त्यात 'हे मी केलं नाही, खातं सुरक्षित करा' अशा अर्थाची लिंक असते. ती चालली तर बदल मागे फिरतो, सेल्फी नाही की कागद नाही. ही लिंक कायम चालत नाही, म्हणून मेल लवकर सोडवायचा. पत्ता मात्र अक्षर न् अक्षर वाचून घ्या. ज्या टोळीने पहिला फॉर्म पाठवला तीच 'खातं परत मिळवा' असंही पत्र पाठवते.

रिकव्हरी_गुरू_७७
[संचालक: प्रतिसाद काढला. 'अमुक हॅकरला मेसेज करा, माझं खातं दहा मिनिटांत आणून दिलं' ही जाहिरात इथे रोज येते. आधी फी, मग 'सर्व्हर चार्ज', मग तुमचाच ओटीपी. पैसे घेऊन खातं परत आणून देणारा असा कोणी बाहेरचा एजंट नसतो.]

केळीबाग_रावेर
आभारी आहे. डुप्लिकेट सिम मिळालं, फोन लागतात, पण ओटीपी येतच नाही. सिम खराब आहे का?

गिरणाकाठ
सिम चांगलं आहे. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून बँक रिकामी करणाऱ्यांसाठी तो नियम आहे. तोवर कोड मागवत बसू नका. पाचसहा वेळा मागवला की 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणून दार लागतं. आणि नवा कोड मागितला की आधीचा बाद होतो. नंतर चार मेसेज एकदम धडाधड आले तर तुम्ही पहिला टाकत बसाल, चालेल तर शेवटचाच.

एसएमएस सुरू झाले की ##००२# डायल करून टाका, कुठे कॉल फॉरवर्ड लावलेला असेल तर निघतो. आवाजी कॉलवर येणारे कोड चोर त्याच वाटेने घेतात.

मेहरूण_काठ
आता इन्स्टा. तुमच्या खात्यावर चेहरा नाही, हा मुद्दा मोठा आहे.

ब्राउझरमध्ये 'इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' उघडा आणि खातं हॅक झालंय हा पर्याय निवडा. पुढे दोन फाटे फुटतात. खात्यावर तुमचे फोटो असतील तर सेल्फी व्हिडिओ मागतात: मान डावीकडे, उजवीकडे, वर. टोपी, गॉगल, रुमाल काढून, उजेडाकडे तोंड करून. तो व्हिडिओ कुठे प्रसिद्ध होत नाही, ३० दिवसांत काढून टाकतात. पण तो खात्यावरच्या फोटोंशी ताडून बघतात. केळीच्या घडाशी तुमचा चेहरा कसा जुळणार? ती वाट घेऊच नका.

तुमची वाट दुसरी. खातं काढताना दिलेला मेल किंवा नंबर, आणि कोणत्या प्रकारच्या फोनवरून काढलं, हे विचारतात. इथे 'सध्याचा' नाही, 'पहिला' मेल द्यायचा. फोनही तेव्हाचाच सांगायचा. संपर्कासाठी मेल मागतील तो फक्त तुमच्याच ताब्यातला द्या, घरातल्या चौघांच्या फोनवर उघडा असलेला नको.

चोर आधी वापरनाव बदलतो, मग 'असं खातं नाही' असं दिसतं आणि लोकांना वाटतं खातं उडालं. ज्या गिऱ्हाइकाशी जुनं बोलणं आहे त्याच्या इनबॉक्समधून प्रोफाइलवर बोट ठेवा, नवं नाव दिसतं. फॉर्ममध्ये ते लागेल.

धुळे_पारोळा_रोड
एक विरोधी सूर. पुष्कळ जण गावाला कामाला लावतात: 'सगळ्यांनी खातं रिपोर्ट करा'. करू नका. त्यात खातं निलंबित झालं तर हॅकचा साधा मार्ग सोडून तुम्हाला निलंबनाविरुद्ध अपील करत बसावं लागतं. त्याला १८० दिवसांची मुदत असते, ती गेली की खातं कायमचं जातं. गिऱ्हाइकांना सावध करायचं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि नर्सरीच्या फाटकावर फलक लावा: ॲडव्हान्स फक्त रोपवाटिकेत.

यावल_ताई
दादा, फेसबुक पेज जोडलेलं आहे का? असेल तर तिथे दुसरा कोणी ॲडमिन आहे का बघा. असेल तर चोराच्या हाती गेलेल्या प्रोफाइलचा पेजवरचा ताबा त्याला स्वतःच्या खात्यातून आजच काढायला लावा, नाहीतर पेजही जाईल. जाहिरातींसाठी कार्ड जोडलं असेल तर ते बँकेतून आधी बंद करा. चोर तुमच्या पैशाने स्वतःच्या जाहिराती चालवतो.

फेसबुकने ओळखपत्र मागितलं तर प्रोफाइलवरचं नाव आणि जन्मतारीख कागदाशी जुळायला हवी. 'केळीवाला भाऊ' असं नाव ठेवलं असेल तर अडतं. फोटो मूळ कार्डाचा काढा, झेरॉक्सचा नको. चारही कोपरे दिसले पाहिजेत. लॅमिनेशनवर फ्लॅशचा चट्टा पडतो म्हणून फ्लॅश बंद, खिडकीजवळ धरा. आधार देत असाल तर नंबर झाकलेलं द्या, तिथे नावाशी आणि तारखेशी मतलब आहे.

नंदुरबार_मिरची
ज्या गिऱ्हाइकाचे पैसे गेले त्याने स्वतः १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, तुम्ही नाही. १२ आकडी यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर, त्याच्याकडे आहे आणि पैसा गोठवायचा तर पहिले काही तासच कामाचे.

तुमची तक्रार वेगळी: सायबर क्राइम पोर्टलवर, आणि छापील प्रत घेऊन जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आहे, ६६ ड तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. सोबत क्यूआरचा स्क्रीनशॉट, त्यातला यूपीआय आयडी, खात्याची लिंक आणि 'ईमेल बदलला' हे पत्र. उद्या एखादं गिऱ्हाईक तुमच्याच दारात पैसे मागायला आलं तर या तक्रारीची पोच हातात असलेली बरी.

कंपनीकडून उत्तरच नाही आलं तर भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, प्रत्येक मोठ्या ॲपला तो नेमावाच लागतो. पोच २४ तासांत द्यायची असते. निकालाची मुदत २०२१ च्या मूळ नियमांत १५ दिवसांची. तिथे नकार आला किंवा मुदत उलटली तर 'जीएसी' म्हणजे केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. सगळं ऑनलाइन, निकालापासून ३० दिवसांच्या आत. अर्ज लांबलचक नको: कधी गेलं, कोणता फॉर्म कधी भरला, काय उत्तर आलं, एवढंच तारखेनिशी.

केळीबाग_रावेर
जुना फोन सापडला, मेल त्यात चालू होता. 'ईमेल बदलला' हे पत्र खरोखर कचरापेटीत निघालं. लिंक चालली, खातं उघडलं. आता आत काय काय तपासू?

चोपडा_चौफुली
झकास. पासवर्ड बदला, 'कुठे कुठे लॉगिन आहे' मधली बाकी सगळी यंत्रं बाहेर काढा. मग मेल आणि नंबर तपासा, चोर स्वतःचा एक जास्तीचा मेल मागे ठेवून जातो. त्यानंतर सेटिंगमधलं अकाउंट्स सेंटर (एकमेकांना जोडलेली इन्स्टा-फेसबुक खाती दिसतात ते पान) उघडा आणि तिथे अनोळखी खातं जोडलेलं दिसलं तर काढा. हे लोक विसरतात. त्या जोडलेल्या खात्यावर काही घाण टाकली तर कारवाईत तुमचंही खातं ओढलं जातं.

टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड) चोराने स्वतःच्या ॲपवर लावलेलं असेल तर बंद करून तुमच्या फोनवर नव्याने लावा. बॅकअप कोड मिळतील ते कागदावर उतरवा. एक कोड एकदाच चालतो. फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवू नका, फोन गेला की तेही गेले. नर्सरीच्या पावतीपुस्तकासोबत कपाटात ठेवले तरी पुरे.

मेहरूण_काठ
आणि जीमेलचा रिकव्हरी नंबर आजच बदला. बदलल्यावरही जुन्या नंबरावर सात दिवस कोड जाऊ शकतो, तेव्हा दुकानदाराचा नंबर असेल तर आठवडाभर त्याच्याकडे लक्ष ठेवा.

केळीबाग_रावेर
शेवटचे दोन आकडे पाहिले. दुकानदाराचाच निघाला. बदलतो.