रोज हिंजवडी, सणाला कोकण: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, जुनी गाडी काढून नवीन घ्यायचीय, बजेट ऑनरोड ९ लाख. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी, वाकडला तर नुसतं फर्स्ट-सेकंड फर्स्ट-सेकंड करून डावा पाय भरून येतो. गणपतीला आणि मे महिन्यात ताम्हिणीतून माणगावला उतरून पुढे गावाला जातो. बाबाही चालवतात, गुडघा दुखतो त्यांचा, पण तेच म्हणतात की ऑटोमॅटिक घाटात दगा देते. खरंय का हे?

घाटवेडा:
गुडघा दुखतोय म्हणजे विषय संपला, ऑटोमॅटिक घ्या. या बजेटमध्ये मुख्यतः एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) मिळेल, २०१४ ला मारुतीच्या सेलेरिओत आली तेव्हापासून ती आपल्या आवाक्यात आली. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबून गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते, म्हणून गिअर बदलताना झटका जाणवतो, त्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका करायचा की झालं. आणि घाट उतरताना डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून ब्रेक दाबत बसू नका, एम (मॅन्युअल मोड, गिअर आपणच निवडायचा) मध्ये टाकून सेकंडला घ्या, इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर मॅन्युअलचे पण ब्रेक तापतातच की!

लालमातीवाला:
बाबांचं अगदीच चूक नाहीये हां. चढावर ओव्हरटेक करताना एएमटी गिअर खाली टाकायला वेळ घेते आणि समोरनं एसटी येत असेल तर तेवढा वेळ लई वाटतो. एम मध्ये टाकून आधीच गिअर उतरवून घेतला तर ठीक, पण ती सवय लागायला हवी. शिवाय गावाकडं बॅटरी उतरली तर मॅन्युअल धक्का मारून चालू होते, ऑटोमॅटिकसाठी जंपर केबल डिकीत ठेवाच.

वाकडची_आयटीवाली:
बजेट ताणता आलं तर सीव्हीटी (ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक) पण बघा. झटका अजिबात नाही, ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडला की आपोआप हळूहळू पुढे सरकते. जोरात दाबली की आधी आवाज वाढतो आणि वेग मागनं येतो, तेवढं मात्र आहे. काहीही घ्या पण टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर नको, कात्रजच्या चढावर गाडी पूर्ण थांबवून परत उचला, मागे किती येते ते बघा, हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) असलेलंच मॉडेल घ्या.

सिंहगडरोडकर:
धन्यवाद सगळ्यांना. मग एएमटीच बघतो, शनिवारी बाबांनाच घेऊन जातो कात्रजला, तिथं तेच चालवतील. हिल होल्ड बेस मॉडेलला कुठल्या गाडीत मिळतं, कुणी सांगेल का?