'सब्जेक्ट' म्हणजे कर्ता की उद्देश्य?

माझी नौपाड्यातली भाची सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. रविवारी तिच्या इंग्रजी व्याकरणाची उजळणी घेत होते. नाम, सर्वनाम, विशेषण भराभर झालं. पॅसिव्हला गाडी अडली. तिनं लिहिलं होतं, 'द मँगो वेअर ईटन बाय द गर्ल्स'. 'वॉज' का नाही, विचारलं तर म्हणाली, "अगं मावशी, सब्जेक्ट म्हणजे कर्ता ना? मग खाणारं कोण? गर्ल्स. अनेकवचन. म्हणून वेअर."

मराठीच्या तासाची युक्ती तिनं चोख वापरली होती: धातूला 'णारा' लावायचा, 'कोण' विचारायचं, उत्तर येईल तो कर्ता. चूक आहे ती 'सब्जेक्ट = कर्ता' या अर्थात, जो आपण सगळ्यांनीच लहानपणी पाठ केला.

कर्ता क्रियेशी बांधलेला असतो. सब्जेक्ट ही वाक्यातली जागा आहे. 'वॉज' की 'वेअर' ते तिथे बसलेला शब्द ठरवतो. साध्या वाक्यात दोघं एकत्र असतात म्हणून फरक जाणवत नाही, पॅसिव्हमध्ये त्यांची फारकत होते: भाचीच्या वाक्यात खाणाऱ्या गर्ल्स, पण सब्जेक्टच्या जागी मँगो, म्हणून 'वॉज'.

'मुलींनी तलावपाळीवर वडे खाल्ले' घ्या. खाणाऱ्या मुली, पण 'खाल्ले' वड्यांप्रमाणे झालं. भेळ असती तर 'खाल्ली'. आपल्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, तरी कर्ता तो कर्ताच राहतो. 'मला आंबा आवडतो' यात तर आवडणारा आंबा, म्हणून तोच कर्ता; इंग्रजीत मात्र 'आय लाइक मँगोज', सब्जेक्ट 'आय'. आणि 'इट इज रेनिंग'मधलं 'इट' काय करतं? काहीच नाही. इंग्रजीला ती जागा रिकामी चालत नाही, एवढंच. आपलं 'उजाडलं' एका शब्दात भागतं.

म्हणून मला 'उद्देश्य' जवळचा वाटतो. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य, जे सांगायचं ते विधेय.

प्रतिसाद, वाशीहून:
मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. 'उद्देश्य' म्हटलं की मुलांना 'उद्देश', म्हणजे हेतू, आठवतो. शिवाय वाक्यपृथक्करणात उद्देश्याच्या रकान्यात आपण कर्ताच लिहून घेतो, मग गोंधळ मिटला कुठे? मी वर्गात 'सब्जेक्ट'च म्हणते. प्रिपोझिशनचंही तेच. 'शब्दयोगी अव्यय' सांगितलं की दोन-चार वह्यांत 'टेबल ऑन' येतंच, कारण आपलं 'वर' नामाच्या नंतर लागतं.

धागाकर्ती:
वाक्यपृथक्करणाचा मुद्दा पटला, तो माझ्या लक्षात आला नव्हता. तरी प्रतिशब्द सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. मराठीत विचार करणाऱ्या मुलीला धरायला मराठी शब्द लागतोच. सध्या भाचीच्या वहीत दोन प्रश्न शेजारीशेजारी आहेत. 'णारा कोण?' तो कर्ता. 'क्रियापद कोणाचं ऐकतं?' तो सब्जेक्ट.

काल तिनं लगेच अडवलं: "'द गर्ल्स एट द मँगो'मधलं 'एट' तर कोणाचंच ऐकत नाही!" बरोबर होतं तिचं. मग म्हटलं, वाक्य वर्तमानकाळात नेऊन बघ, 'ईट' येतं की 'ईट्स'. तिनं एकदा 'गर्ल्स' ठेवून लिहिलं, एकदा 'गर्ल', आणि 'ईट्स'मधल्या एसला पेन्सिलनं गोल केला.