बँकॉकला विमान बदलताना इमिग्रेशन आणि कस्टम्स: मंडळाच्या मेलिंग लिस्टवरील पत्रव्यवहार

विषय: आई-बाबांचा बँकॉकमार्गे प्रवास
प्रेषक: एक सभासद, मेलबर्न

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझे सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे येत आहेत. दोघांचेही वय सत्तरीच्या पुढे आहे आणि इंग्रजी कामापुरते आहे. गावाकडच्या एजंटने त्यांना स्वस्तात तिकीट मिळवून दिले आहे, पण ते पाहिल्यापासून मला चिंता वाटते. मुंबईहून बँकॉकपर्यंतचे तिकीट एका कंपनीचे आहे, तर बँकॉकहून मेलबर्नपर्यंतचे दुसऱ्या कंपनीचे आहे, आणि दोन्हींचे पीएनआर वेगळे आहेत. एजंटचे म्हणणे असे, की दोघे बँकॉकला फक्त बसून राहणार आहेत, त्यामुळे त्यांना व्हिसा, कस्टम्स असे काहीही लागणार नाही. हे खरे आहे का? बॅगा आपोआप पुढच्या विमानात जातात का? मधला वेळ अकरा तासांचा आहे. ज्यांना या मार्गाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विषय: उत्तर: आई-बाबांचा बँकॉकमार्गे प्रवास
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सिडनी

प्रिय ताई,

आपल्या एजंटचे म्हणणे एका परिस्थितीत अगदी बरोबर आहे आणि दुसऱ्या परिस्थितीत साफ चूक आहे. आपले तिकीट त्या दुसऱ्या परिस्थितीत मोडते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

बँकॉकमध्ये थाई अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागेल की नाही, हे मधला वेळ किती आहे यावर ठरत नाही. ते ठरते बॅगेवर कुठल्या गावाचा टॅग लागला आहे आणि पुढचा बोर्डिंग पास हातात आहे की नाही, यावर. मुंबई ते मेलबर्न असे एकच तिकीट असेल, मुंबईच्या काउंटरवरच दोन्ही बोर्डिंग पास मिळाले असतील आणि बॅगेच्या टॅगवर मेलबर्नची एमईएल ही अक्षरे छापलेली असतील, तर प्रवासी थायलंडच्या हद्दीत शिरतच नाही. विमानातून उतरायचे, ट्रान्सफरच्या पाट्या पाहत चालायचे, पुन्हा एकदा सुरक्षा तपासणीतून जायचे आणि पुढच्या गेटवर जाऊन बसायचे. इमिग्रेशनचा शिक्का नाही, कस्टम्स नाही, व्हिसा नाही, आगमनाचे कार्डही नाही. बॅगा विमान कंपनी स्वतःच हलवते.

तिकिटे वेगळी असली आणि पहिल्या कंपनीने बॅगा फक्त बँकॉकपर्यंतच घेतल्या, की सगळे चित्र पालटते. बॅगा पट्ट्यावर येतात, तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो, आणि पलीकडे जाण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे रीतसर थायलंडमध्ये प्रवेश करणे. म्हणजे आई-बाबांना आधी पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागेल. तिथे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. त्यानंतर बॅगा उचलून कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने (ज्यांच्याकडे नोंदवण्यासारखे काही नाही त्यांच्यासाठीचा) बाहेर यायचे, प्रस्थानाच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर नव्याने चेक-इन करायचे, आणि मग देशाबाहेर जाण्यासाठी पुन्हा इमिग्रेशन व सुरक्षा तपासणी. तिथल्या काउंटरवर ऑस्ट्रेलियाचा व्हिसाही तपासला जाईल. तो पासपोर्टला जोडलेला असला, तरी मंजुरीच्या पत्राची छापील प्रत हाताशी असू द्यावी.

आता एक गोष्ट आपण तातडीने पाहावी. पहिले विमान बँकॉकच्या कुठल्या विमानतळावर उतरते? तिकिटावर बीकेके लिहिले असेल तर ते सुवर्णभूमी, डीएमके असेल तर डॉन मुआंग. सुवर्णभूमी विमानतळ २००६ साली सुरू झाला. तो शहराच्या पूर्वेला समुत प्राकान प्रांतात आहे. डॉन मुआंग हा जुना विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे आणि २०१२ पासून बऱ्याचशा स्वस्त कंपन्या तिथूनच उड्डाणे करतात. मेलबर्नचे विमान सुवर्णभूमीहून सुटणार असेल आणि मुंबईचे विमान डॉन मुआंगला उतरणार असेल, तर ते पुण्यात स्वारगेटला उतरून शिवाजीनगरची गाडी गाठण्यासारखे होईल, फक्त इथे मध्ये पासपोर्ट, बॅगा आणि बँकॉकची वाहतूक आहे. दोन्ही विमानतळांच्या मध्ये बससेवा आहे आणि पुढचे तिकीट दाखवणाऱ्या प्रवाशाला ती मोफत असते, पण सामानासह त्या बसमध्ये चढ-उतार करणे हे सत्तरीच्या माणसांचे काम नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय: उत्तर: उत्तर: आई-बाबांचा बँकॉकमार्गे प्रवास
प्रेषक: एक सभासद, मेलबर्न

काका, मनःपूर्वक धन्यवाद. तिकीट काढून पाहिले. आपण वर्तवलेली भीती खरी ठरली: येताना डीएमके, जाताना बीकेके. दोन प्रश्न आहेत. समजा तिकीट बदलता आले नाही, तर दोघांना थायलंडमध्ये प्रवेश मिळण्यासाठी नेमकी काय तयारी करावी लागेल? आणि सासूबाईंनी तूप, कैरीचे लोणचे व मेतकूट बांधून ठेवले आहे, ते कस्टम्समध्ये अडेल का?

विषय: प्रवेशाची तयारी
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सिडनी

ताई,

व्हिसाच्या बाबतीत थायलंडचे धोरण गेल्या काही वर्षांत भरभर बदलत गेले आहे. पूर्वी भारतीय पासपोर्टवर विमानतळावर २,००० बाट भरून पंधरा दिवसांचा व्हिसा घ्यावा लागत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती अट शिथिल होऊन तीस दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश मिळू लागला आणि जुलै २०२४ मध्ये ती मुदत साठ दिवसांची झाली. असा नियम कधीही पुन्हा बदलू शकतो, म्हणून कुणाच्या व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशावर विसंबू नये. तिकीट निश्चित करतानाच थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्यावे.

१ मे २०२५ पासून आगमनाचे डिजिटल कार्ड सक्तीचे झाले आहे. त्याला टीडीएसी म्हणतात. थायलंडमध्ये प्रवेश करणाऱ्या प्रत्येक परदेशी नागरिकाने, लहान मुलासकट, ते आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते. इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलणाऱ्याला ते लागत नाही, परंतु आपल्या तिकिटावर आई-बाबांना ते प्रत्येकी एक असे भरावेच लागेल. हे कार्ड पूर्णपणे विनामूल्य आहे. शोधयंत्रात वर येणाऱ्या अनेक खासगी पानांवर त्यासाठी डॉलरमध्ये पैसे मागतात, त्यांना बळी पडू नये. थाई इमिग्रेशनच्या खऱ्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गो डॉट टीएच असते. नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे लिहावे. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव कधी आधी, कधी नंतर, कधी वडिलांच्या नावाला चिकटून आलेले असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कार्ड भरल्यावर जो क्यूआर कोड येतो तो कागदावर छापून द्यावा. ऐन वेळी मोबाइल बंद पडला, तर काउंटरसमोर उभे असलेल्या माणसाला कागदाचाच आधार असतो.

अधिकारी पुढचे तिकीट पाहण्यास मागू शकतो, म्हणून मेलबर्नचे तिकीटही छापून सोबत ठेवावे.

खाण्याच्या वस्तूंबद्दल सांगायचे, तर तूप आणि लोणचे यांची पहिली गाठ कस्टम्सशी न पडता सुरक्षा तपासणीशी पडते. तूप, लोणचे, ओली चटणी या सगळ्यांना द्रव पदार्थांचा नियम लागू होतो, आणि बँकॉकला विमान बदलताना हातातले सामान पुन्हा तपासले जाते. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी हातातल्या पिशवीत असेल तर ती काढून घेतली जाईल, मग ती मुंबईला नजरेतून सुटलेली का असेना. ड्युटी-फ्रीची बाटलीसुद्धा सीलबंद पिशवीत आणि पावतीसह असावी लागते. तेव्हा या सगळ्या बरण्या मोठ्या बॅगेत घालाव्या.

थाई कस्टम्स आपल्या घरगुती वस्तूंच्या मागे सहसा लागत नाही. त्यांची मर्यादा दोनशे सिगारेटी आणि एक लिटर मद्य अशी आहे. ई-सिगारेटवर मात्र पूर्ण बंदी आहे, हे तरुण सभासदांनी लक्षात ठेवावे. ताजी फळे, रोपे, बिया आणि मांसाचे पदार्थ क्वारंटाइनच्या, म्हणजे रोग-कीड देशात येऊ नये यासाठीच्या, नियमांत येतात, म्हणून थायलंडमध्ये प्रवेश करावा लागणार असेल तर हापूसची पेटी आणू नये. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असावीत. मेलबर्नला उतरल्यावर मात्र मेतकुटापासून लोणच्यापर्यंत प्रत्येक खाद्यपदार्थ ऑस्ट्रेलियाच्या आगमनाच्या कार्डावर न चुकता नोंदवावा. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, पण लपवलेल्या वस्तूबद्दल दंड होतो.

हे सगळे लिहूनही माझा सल्ला हाच राहील, की थोडे पैसे जास्त गेले तरी तिकीट बदलून घ्यावे.

विषय: फुकेत, क्राबी, चिआंग माईला जाणाऱ्यांसाठी
प्रेषक: एक सभासद, पर्थ

नमस्कार,

वरील चर्चा वाचली. काकांनी केवळ बँकॉकहून परदेशी जाणाऱ्यांचा विचार केला आहे, म्हणून थायलंडमध्येच पुढे जाणाऱ्यांविषयी लिहिते. भारतातून येणारे नातेवाईक आणि इथले आपण फुकेतला भेटतो, असे बेत आपल्या मंडळात पुष्कळ होतात.

भारतात परदेशातून मुंबईला उतरून पुढे नागपूरला जायचे असेल, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्ही मुंबईतच उरकून बॅग पुन्हा द्यावी लागते. थायलंडमध्ये काही मार्गांवर या दोन गोष्टींची विभागणी केलेली आहे. थाई एअरवेज किंवा बँकॉक एअरवेजचे फुकेत, क्राबी, सामुई किंवा चिआंग माईपर्यंतचे सलग तिकीट असेल आणि बॅगेवर त्याच गावाचा टॅग असेल, तर पासपोर्टची तपासणी सुवर्णभूमीच्या ट्रान्सफर विभागातच होते, पण बॅग तिथे घ्यायची नसते. ती थेट पुढे जाते आणि तिचे कस्टम्स शेवटच्या विमानतळावर होते. अशा प्रवाशांना सीआयक्यू प्रवासी म्हणतात. ही कस्टम्स, इमिग्रेशन आणि क्वारंटाइन यांची आद्याक्षरे आहेत.

त्यांच्या शर्टावर एक छोटे स्टिकर लावतात. ते काढून टाकू नये, कारण विमानात सोबत बसलेले बाकीचे प्रवासी देशांतर्गत असतात आणि उतरल्यावर त्या स्टिकरवरूनच कर्मचारी आपल्याला वेगळे ओळखतात. फुकेतला सगळ्यांबरोबर देशांतर्गत पट्ट्यावर जाऊन थांबलात तर तुमची बॅग येणार नाही, कारण ती आंतरराष्ट्रीय बाजूच्या पट्ट्यावर, कस्टम्सच्या आत फिरत असते. आमच्यासोबतचे एक कुटुंब असेच भलत्या पट्ट्यासमोर थांबून राहिले होते आणि बॅग हरवली असे समजून रडकुंडीला आले होते.

ही सोय सगळीकडे नाही. ज्या विमानतळावर कस्टम्सची व्यवस्था नाही, तिथल्या प्रवाशांना सुवर्णभूमीलाच बॅग घेऊन कस्टम्समधून बाहेर पडावे लागते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर फुकेतसाठीसुद्धा तेच करावे लागते. आणि या सर्व प्रवाशांना टीडीएसी लागते, कारण ते थायलंडमध्ये प्रवेश करतात.

एक सूचना पालकांसाठी. परतीच्या वाटेवर कुणीही, अगदी ओळखीच्या माणसानेही, बंद पाकीट किंवा खाऊचा डबा मुंबईला पोचवायला दिला तर घेऊ नये. बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून मुंबई विमानतळावर गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येतात, आणि तिथे ज्याच्या नावाचा टॅग त्याचीच बॅग समजली जाते.

विषय: उत्तर: आई-बाबांचा बँकॉकमार्गे प्रवास
प्रेषक: एक सभासद, मेलबर्न

काका आणि ताई, आपल्या दोघांच्या पत्रांचे मराठीत टिपण करून सासऱ्यांना पाठवले, आणि त्यांनी स्वतः जाऊन एजंटशी बोलणे केले. पहिले तिकीट रद्द झाले, काही रक्कम कापली गेली, आणि आता मुंबई ते मेलबर्न असे सुवर्णभूमीमार्गे एकच तिकीट हातात आले आहे. दोघांसाठी व्हीलचेअरचीही नोंद केली आहे. मुंबईच्या काउंटरवर बॅगेचा टॅग वाचून त्यावर एमईएल असल्याची खात्री केल्याशिवाय हलायचे नाही, असे त्यांना बजावले आहे.

आता एकच शंका उरली आहे. सुवर्णभूमीला नवी सॅटेलाइट इमारत झाली आहे आणि तिथे छोट्या आगगाडीने जावे लागते, असे वाचले. आई-बाबांचे विमान तिथे लागले तर काय?

विषय: सॅटेलाइट इमारत
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, सिडनी

ताई, फार चांगले केलेत.

ती इमारत सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिथल्या गेटच्या क्रमांकांची सुरुवात एस या अक्षराने होते. मुख्य इमारतीतून तिथे जाणारी गाडी चालकाविना धावते आणि तिला तिकीट लागत नाही. ती विमानतळाच्या आतल्या भागातच धावत असल्यामुळे त्या गाडीत बसल्याने इमिग्रेशन ओलांडले जात नाही. व्हीलचेअर असेल तर मदतनीसच घेऊन जातो. मात्र बोर्डिंग पासवर छापलेला गेट क्रमांक नंतर बदलू शकतो, म्हणून तिथल्या फलकावर एकदा पाहून घेण्यास मदतनीसाला सांगावे, आणि त्यासाठी विमानाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद बाबांच्या खिशात असावा.

त्याच विमानाने मंडळातले कुणी सभासद मुंबईहून परत येणार असतील, तर त्यांनी ताईंना याच पत्त्यावर कळवावे. बँकॉकच्या त्या लांबलचक मार्गिकांत मराठी बोलणारे एक माणूस सोबत असले, तर दोघांना फार मोठा धीर येईल.